बंदूक तंबूतच होती : हुलाहुला नदी, जून २००५

नदीसफरीचं ठरत होतं तेव्हा मेहुणा फोनवर म्हणाला, "भावजी, उशाशी बंदूक असली की झोप तरी लागेल." त्याच्या त्या एका वाक्यामुळे मी अस्वलाने तंबूतल्या दोघांना मारल्याचं हुलाहुला नदीवरचं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. उत्तर अलास्कात वल्हवायला जाणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. तिथे बंदूक होती, अगदी हाताशी होती, आणि जाणारी माणसं नवखी नव्हती.

आधी जागा पाहू. हुलाहुला नदी ब्रूक्स पर्वतरांगेतल्या हिमनद्यांतून निघते आणि उत्तरेला बोफर्ट समुद्राला मिळते. हा सगळा मुलूख आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयक्षेत्रात येतो. क्षेत्रफळ सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पाव महाराष्ट्र, आणि आत रस्ता म्हणून एकही नाही. नदीला हे नाव देवमाशांच्या शिकारीसाठी आलेल्या हवाई बेटांवरच्या खलाशांनी दिलं; त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नाच. वरच्या अंगाला डोंगरांमधून पाणी धावत, उसळत येतं. डोंगर संपले की सपाट मैदान लागतं. तिथे झाड नाही, काठाने गुडघाभर वाळुंजीची झुडपं आणि बाकी सगळा टुंड्रा. लोक छोट्या विमानाने वरच्या भागात उतरतात, हवेची कयाक किंवा राफ्ट फुगवतात आणि काही दिवसांत समुद्राजवळ पोचतात. सर्वांत जवळचं गाव काकटोविक, बार्टर बेटावरचं, इनुपियाक या तिथल्या मूळ रहिवाशांचं. जूनअखेरीस तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्र असते ती फक्त घड्याळात.

२००५ च्या जूनअखेरीस अँकरेजचं एक दांपत्य ही नदी उतरत होतं. दोघंही साठीच्या आसपासची, अलास्कात अनेक वर्षं काढलेली, रानात मुरलेली. नावं देत नाही. प्रकरण समजायला त्यांची गरज नाही. नदी जवळपास उतरून झाली होती. मैदानी भागात काठावर त्यांनी तंबू टाकला. खाण्याचं सगळं सामान अस्वलाला न फोडता येणाऱ्या डब्यांत होतं. छावणी स्वच्छ होती, असं नंतर तपास करणाऱ्यांनीही सांगितलं. तंबूत रायफल होती.

ती दोघं तंबूत असताना ग्रिझली अस्वलाने हल्ला केला आणि दोघंही त्यात गेली.

हे जगाला कळलं ते नदीवरून येणाऱ्या दुसऱ्या एका बोटीमुळे. काकटोविकचा एक वाटाड्या दोन प्रवाशांना घेऊन खाली येत होता. काठावर त्यांना आडवा झालेला तंबू दिसला, आणि त्या पसाऱ्यात उभं असलेलं अस्वल. अस्वलानेही त्यांना पाहिलं. ते पळून गेलं नाही, उलट नदीच्या बाजूने त्यांच्या मागे निघालं आणि अर्ध्या मैलाहून जास्त त्यांच्या पाठीवर राहिलं. वल्ही आणि प्रवाह यांच्या जोरावर ते तिघं सुटले. मग खबर गेली, हेलिकॉप्टरने पोलीस आले. अस्वल अजून छावणीच्याच आसपास होतं. तिथेच त्याला गोळी घातली. तपासणीत ते आजारी किंवा उपासमारीने खंगलेलं निघालं नाही. तंबूतल्या रायफलमधून एकही बार निघालेला नव्हता.

एवढीच हकीकत. शेवटच्या मिनिटाला साक्षीदार नाही, म्हणून "त्यांनी असं करायला हवं होतं" असं म्हणणारा प्रत्येक जण हवेत बोलतो. मी तसं बोलणार नाही. पण जे मागे राहिलं त्यावरून शिकता येतं. एक, काळजी घेऊनही हल्ला झाला. दोन, बंदूक असून ती चालली नाही.

हे कुठल्या प्रकारचं अस्वल

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. आमच्याकडे अस्वल म्हटलं की मोहफुलाचे दिवस आठवतात. मार्च-एप्रिलची पहाट, बायामाणसं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली, आणि त्याच फुलांवर आलेलं अस्वल. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. अचानक दहा हातांवर गाठ पडते, अस्वल बिथरतं, अंगावर येतं, डोकं-चेहरा फोडतं आणि निघून जातं. त्याला माणूस खायचा नसतो, समोरचा धोका दूर करायचा असतो. गावात प्रत्येकाला असा एखादा चेहरा ठाऊक असतो.

ग्रिझलीचे बहुतेक हल्लेही याच जातीचे. पिल्लांसोबतची मादी, मारलेल्या कॅरिबूवर (तिकडच्या हरणावर) बसलेलं अस्वल, झुडपातून अचानक समोर आलेला माणूस. अशा वेळी पोटावर पालथं पडून मान दोन्ही हातांनी झाकावी आणि निपचित राहावं, हा तिकडचा नेहमीचा सल्ला. तो योग्य आहे.

हुलाहुलाचा हल्ला मात्र अधिकाऱ्यांनी भक्ष्य म्हणून केलेला हल्ला ठरवला. असा हल्ला फार विरळा. त्यात अस्वल फुत्कारत नाही, जबडा वाजवत नाही, खोटी धाव घेऊन थांबत नाही. ते गुपचूप येतं आणि येतं तेव्हा ठरवून येतं. तंबूत शिरणाऱ्या अस्वलाला याच जातीचं समजावं आणि तिथे निपचित न पडता हातात येईल त्याने लढावं, असं तज्ज्ञ सांगतात. हा फरक मेहुण्याला समजावून सांगताना माझ्या लक्षात आलं की लोकांच्या मनातला "अस्वल समोर येतं, मी नेम धरतो" हा देखावा या दोन्ही प्रकारांत बसत नाही. पहिल्या प्रकारात अस्वल वीस-तीस मीटरवरून सुटलेलं असतं. ते ताशी पन्नास किलोमीटरने धावतं, म्हणजे तीस मीटरला जेमतेम दोन सेकंद. दुसऱ्या प्रकारात तुम्ही झोपलेले असता.

तंबूतले ते सेकंद

यावर शब्दांनी वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून आम्ही करून पाहिलं. सिएटलजवळ माझ्या घरामागे गवतावर दोघांचा तंबू लावला, तोच जो सफरीला न्यायचा होता. रायफलच्या जागी तेवढ्याच लांबीचा, सव्वातीन फुटी लाकडी दांडा घेतला. खरी बंदूक घरामागे नाचवायची नव्हती, शिवाय मेहुण्याच्या हातात ती देताच आली नसती. त्याचं कारण पुढे येईल. अस्वलांवर मारायच्या स्प्रेच्या जागी सरावाचा डबा घेतला. त्यात तिखट नसतं, नुसती हवा आणि पाणी. बारा वर्षांच्या मुलीला सांगितलं, "पहाटे तुला वाटेल तेव्हा ये, काही न बोलता तंबू जोरात हलव आणि मोजायला लाग."

ती पाचच्या सुमारास आली. मी पालथा झोपलो होतो. पहिल्यांदा वाटलं वारा आहे. मग कळलं, मग हात बाहेर काढायचा तर स्लीपिंग बॅगची चेन छातीपाशी आतल्या कापडात अडकली. कोपरावर उठलो तर खालची हवेची गादी सरकली. दांडा तंबूच्या कडेला लावून ठेवला होता. तो फिरवताना त्याचं टोक आतल्या जाळीत घुसलं. दांडा दाराकडे रोखून झाला तेव्हा बाहेरून मुलीचा आकडा नऊवर होता. यात काडतूस चेंबरमध्ये चढवणं धरलेलं नाही, गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला खटका काढणं धरलेलं नाही. आणि शेजारी मेहुणा अर्धवट उठून बसला होता, त्याचं डोकं बरोबर दांड्याच्या रेषेत. हे पाहून माझ्या पोटात गोळा आला. खऱ्या नळीसमोर तो असाच बसला असता.

दुसऱ्या पहाटे त्याची पाळी. बारा. तिसऱ्या दिवशी स्प्रेचा डबा डोक्याशी ठेवलेल्या बुटात उभा ठेवून झोपलो, तेव्हा चारपाच आकड्यांत तो हातात होता. पण चार हातांच्या बंद तंबूत तो फवारला असता तर आम्हीही आंधळे झालो असतो. तरी जे आत येतं आहे त्याच्या तोंडावर तो मारणं हे काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं. मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी अस्वल असते ना, तर तंबू हलवत बसले नसते. वर पडलेच असते."

आमचे हे तीन दिवस म्हणजे काही शास्त्र नव्हे. पण हुलाहुलाच्या तंबूतली रायफल का वाजली नाही याचा विचार करताना मला ती अडकलेली चेन आठवते. जाग येणं, समजणं, शोधणं, धरणं, फिरवणं, जोडीदाराला चुकवणं, एवढं सगळं चाप ओढण्याआधी पार पडावं लागतं.

अभ्यास काय सांगतात

यावर मोजून काम झालेलं आहे. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे अलास्कावरचे दोन अभ्यास प्रत्येक चर्चेत येतात. २००८ चा अभ्यास स्प्रेचा. १९८५ ते २००६ या काळातले ८३ प्रसंग त्यांनी पाहिले. त्यांतल्या ७२ प्रसंगांत माणसांनी बचावासाठी फवारा मारला होता. तपकिरी अस्वलांच्या (ग्रिझली हे त्यांतलंच) बाबतीत ९२ टक्के वेळा त्याने अस्वलाचं वागणं थांबवलं, काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के. ज्यांच्याजवळ स्प्रे होता त्यांतल्या ९८ टक्के लोकांना जवळच्या गाठीतही इजा झाली नाही. ज्या तिघांना झाली त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं नाही.

२०१२ चा अभ्यास बंदुकीचा. १८८३ ते २००९ मधले २६९ प्रसंग. लांब बंदुकांनी (रायफल, शॉटगन) ७६ टक्के वेळा अस्वल थांबवलं, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने ८४ टक्के. दोन्हींतला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने विशेष नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं निरीक्षण. जवळच्या गाठीत ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांनी ती वापरली किंवा वापरली नाही, इजेचं प्रमाण तेवढंच राहिलं. बंदूक अपयशी ठरली तिथे कारणं म्हणून वेळ न मिळणं, वापरताच न येणं, काडतूस अडकणं, खटका न निघणं, नेम चुकणं, अशा गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत. हुलाहुला त्या यादीत बरोबर बसतं.

इथे एक सांगायलाच हवं, कारण स्प्रेवाले हे आकडे फार सैल वापरतात. हे दोन अभ्यास शेजारी ठेवून "९२ विरुद्ध ७६" असं म्हणता येत नाही. स्प्रेच्या प्रसंगांत छावणीभोवती नुसती घुटमळणारी, कुतूहलाने आलेली अस्वलंही आहेत. बंदुकीचे प्रसंग दप्तरी येतात ते बहुतेक तेव्हा, जेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. हवेत एक बार काढला आणि अस्वल पळालं, याची नोंद कोण करतो? त्यामुळे मी या आकड्यांतून एवढंच घेतो: बंदूक बाळगण्याने माणूस सुरक्षित होतो हे त्यातून दिसत नाही, आणि स्प्रेने मात्र बरंच काही साधतं.

आणि शहरात पर्समध्ये ठेवतात तो पेपर स्प्रे म्हणजे हा नव्हे. अस्वलासाठीच्या डब्यात निदान सव्वादोनशे ग्रॅम माल असतो, तो सातआठ मीटरपर्यंत ढगासारखा पसरतो आणि सहाएक सेकंद पुरतो. पर्समधली बारीक धार अस्वलाच्या नाकापर्यंत पोचायच्या आत सगळं संपलेलं असतं.

नदीवर गोष्ट वेगळी का

पायी चालणाऱ्यांचा सल्ला वल्हवणाऱ्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. चालणारा माणूस बोलत, टाळ्या वाजवत जातो. नदीवर आपण अक्षरशः आवाज न करता वाहत येतो. खळाळ जवळ असेल तर आपला आवाज त्यातच बुडतो. वारा समोरून असेल तर पुढच्या वळणावरच्या अस्वलाला आपला वासही मिळत नाही. वळलो की तीस मीटरवर वाळूच्या पट्ट्यावर ते उभं असतं. आणि हा वाळूचा पट्टा, जो तंबूला सपाट, कोरडा आणि डास कमी म्हणून आपल्याला आवडतो, तोच अस्वलांचा हमरस्ता. काठाकाठाने चालणं त्यांनाही सोपं जातं. ताजे पंजे दिसले तर पुढे जावं, कितीही दमलेले असलात तरी.

बंदुकीचंही पाण्यावर वेगळं होतं. भरलेली रायफल कनूत पायाशी उघडी ठेवली तर ती उलटणाऱ्या नावेबरोबर जाते, नाहीतर धडपडीत कुणाच्या तरी मांडीकडे तोंड करते. म्हणून लोक ती जलरोधक पिशवीत बांधून ठेवतात, आणि मग ती काठावर उतरल्यावर, तंबू लागल्यावर, जेवण झाल्यावर बाहेर येते. हिमनद्यांच्या नदीचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो यंत्रात शिरला की काडतूस चढवायची लिव्हर खरखरते. पाण्यात गारठलेली बोटं खटका शोधत राहतात. स्प्रेचा डबा मात्र लाइफ जॅकेटच्या छातीवर पट्ट्याने बसतो आणि पाण्यात पडलात तरी अंगावरच असतो.

पण स्प्रेलाही इथे कच्ची बाजू आहे: वारा. आर्क्टिकच्या मैदानात तो थांबतच नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात ७ टक्के प्रसंगांत वाऱ्याने अडथळा आणला, तरी फवारा अस्वलापर्यंत पोचला होता. १४ टक्के प्रसंगांत मारणाऱ्यालाही त्याचा त्रास झाला. समोरून वारा असताना तो कसा वापरायचा, हे सरावाच्या डब्याने मैदानात उभं राहून पाहावं. आम्ही पाहिलं. तोंडावर नुसतं पाणी आलं, तेवढ्यावरच समजलं.

बंदूक कुणाला उपयोगी पडते

बंदूक निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. किनाऱ्यालगत ध्रुवीय अस्वलांचा वावर असतो तिथे, मोठ्या गटात रात्रभर आळीपाळीने कुणीतरी जागं बसतं तिथे, जिचा हात रोज बंदुकीवर आहे अशी वाटाडी सोबत असते तिथे, तिची जागा आहे. काकटोविकचे लोक बंदूक घेऊनच बाहेर पडतात आणि त्यांनी ती का घ्यावी हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. ती जागी आणि सरावलेली माणसं आहेत. बंदूक न्यायचीच तर तिच्या ताकदीचाही विचार लागतो. अमेरिकेच्या वनखात्याने १९८३ मध्ये अगदी जवळच्या अंतरावरून चाचण्या घेऊन दाखवलं होतं की जड गोळीच्या मोठ्या रायफली आणि बारा बोअरच्या शॉटगनच्या अखंड गोळ्या यांच्या खाली जाऊ नये. ज्याने अशा रायफलचा खांद्यावरचा धक्का वर्षातून एकदाच खाल्लाय, त्याच्या दुसऱ्या गोळीवर माझा भरवसा नाही.

अस्वल मारल्यावरही गोष्ट संपत नाही. अलास्कात जिवाच्या रक्षणासाठी अस्वल मारायला मुभा आहे, पण अट अशी की तुम्हीच त्याला चिथवलेलं नसावं आणि निष्काळजीपणे अन्न-कचरा ठेवून बोलावलेलं नसावं. शिवाय कातडं नख्यांसकट आणि कवटी सोलून काढून सरकारजमा करावी लागते आणि पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. नदीकाठी, एकट्याने, जिथे रक्ताच्या वासाने दुसरं अस्वल येऊ शकतं. ही कल्पनाच मेहुण्याला नव्हती.

आपल्या लोकांसाठी कायद्याची गोष्ट

अमेरिकेत एच-१बी (नोकरीच्या), एफ-१ (विद्यार्थी) किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं ताब्यात ठेवायला मनाई आहे. काही अपवाद आहेत. एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना असणं हा त्यातला नेहमीचा. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. मित्राची बंदूक "जरा धरतो" म्हणून हातात घेणं हासुद्धा ताबाच. मेहुणा एच-१बीवर आहे. जी चूक घरामागे एका पहाटे नकळत झाली असती ती त्याला नोकरीला आणि इथल्या वास्तव्याला भोवली असती. आपल्या मंडळींच्या सफरी आखताना हा मुद्दा कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या-त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते. कॅनडात लांब बंदूक सीमेवर जाहीर करून नेता येते, पण तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि पिस्तूल घेऊन अस्वलापासून बचाव हा पर्याय पर्यटकाला नाहीच. प्रवासी विमानात अस्वलाचा स्प्रे ना हातातल्या सामानात चालतो ना खाली दिलेल्या. तो अलास्कात उतरल्यावर विकत घ्यायचा, आणि छोट्या विमानात बसताना वैमानिकाच्या हाती द्यायचा. तो ते डबे बहुधा प्रवाशांपासून दूर, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या तरफ्यातल्या कप्प्यात ठेवतो. आत फुटला तर विमान कोण चालवणार?

मग हुलाहुलात काय वेगळं होऊ शकलं असतं

मी या प्रश्नावर बरेच दिवस घालवले. स्वच्छता होती. डबे होते. बंदूक होती. झोपलेल्या माणसाच्या वतीने जागं राहील असं मात्र काही नव्हतं. घरी कुत्रा ते काम करतो, शेतात माळ्यावरचा राखणदार करतो. तंबूभोवतीचं विजेचं कुंपण हे त्याच्या सर्वांत जवळ जातं. अलास्काच्या वन्यजीव खात्याकडूनही त्याची शिफारस होते. दोन मोठ्या सेलवर चालणारं, दीड-दोन किलोचं, गुंडाळून डब्यात मावणारं. अस्वल नवी वस्तू नाकाने तपासतं, आणि ओल्या नाकाला बसलेला झटका त्याला बहुतेक वेळा परत फिरवतो. समजा फिरवला नाही, तरी तारा ओढल्या जातात, काठ्या पडतात, आवाज होतो, आणि माणसाला ते सेकंद मिळतात जे आमच्या तंबूत चेनने खाल्ले होते. त्या दोघांचा जीव त्याने वाचलाच असता असं कुणी म्हणू शकत नाही. पण तिथे ज्या एका गोष्टीची उणीव मला दिसते ती हीच, आणि म्हणून आमच्या यादीत ती सर्वांत वर गेली.

बंदूक यादीतून गेली. मेहुणा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच कुंपणाची मापं विचारली.

ऑगस्टमध्ये अलास्कातल्याच नोआटाक नदीवर पहिल्याच मुक्कामाला कळलं की हे कुंपण घरामागच्या गवतावर लावणं वेगळं आणि गोट्यांच्या पट्ट्यावर वेगळं. काठ्या उभ्या राहीनात. प्रत्येकीच्या बुडाशी दगड रचावे लागले. कोरडे गोटे वीज जमिनीत जाऊ देत नाहीत, म्हणून तारा एकाआड एक जोडाव्या लागतात, एक विजेची, एक जमिनीची, म्हणजे अस्वलाचं अंग दोन्हींना एकदम लागलं की झटका बसतो. हे सगळं करून तपासणीचा दिवा लागेपर्यंत दीड तास गेला. स्वयंपाक शंभर पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. डबे त्याच्याही पलीकडे. ज्या कपड्यांत भात शिजवला ते डब्यांजवळच्या पिशवीत.

तंबूत स्लीपिंग बॅगची चेन दोघांनीही अर्धीच लावली. स्प्रेचे डबे बुटांत उभे केले, मुठी दाराकडे. मेहुणा उशिरापर्यंत तंबूबाहेर, पण कुंपणाच्या आत बसून होता, नदीच्या वळणाकडे बघत. ऑगस्टमध्ये तिकडे थोडा वेळ का होईना, संधिप्रकाश पडतो. "झोपा तुम्ही भावजी," तो म्हणाला, "मी आहे अजून." बारा-साडेबारा झाले असतील. पाण्याचा आवाज सतत होता, आणि त्याच्या वर, सेकंदासेकंदाला, कुंपणाला वीज देणाऱ्या डबीतून येणारी ती बारीक टक, टक.